सोनं माझ्याकडे लागलं!

"सोनं माझ्याकडे लागलं!"

हे वाक्य मी भर सभेत म्हणालो. उभं राहून. हात वर करून!

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. मी एकतीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोकांना गप्प बसवणं हे माझं काम, आणि त्याची सुरुवात मी स्वतःपासून केली होती. लग्नात नाव घेतानासुद्धा मी इतक्या हळू बोललो की सरलाच्या मावशीने "मुलगा मुका नाही ना?" असं सगळ्यांदेखत विचारलं होतं. असा हा मनुष्य ॲमस्टरडॅमच्या मराठी मंडळींच्या सभेत उठतो काय, आणि दसऱ्याला दोनशे खरी पानं आणायचं कबूल करतो काय! मला अजूनही वाटतं, ते बहुधा माझ्या मागच्या खुर्चीवरचं कुणीतरी बोललं असावं.

इथला दसरा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. इथे सण पंचांगाप्रमाणे येत नाहीत, हॉल मिळेल तसे येतात. गेल्या वर्षी कोजागिरी दुपारी तीन वाजता झाली. चंद्र नव्हता, पण पार्किंग होतं. यंदा हॉल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिळाला, म्हणून दसरा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

सभेत आमच्या अध्यक्ष सुचेताताईंनी कामं वाटली. भाजी कुणाकडे, पुऱ्या कुणाकडे. आणि ऐंशी माणसांचं श्रीखंड श्रुतीकडे. रीतसर ऑर्डर! श्रुती म्हणजे माझी सून. यशोधनबरोबर इकडे आली तेव्हा तिच्या कागदांवर 'डिपेंडंट' असं लिहिलेलं होतं आणि तो शब्द तिला नऊ वर्षं खुपत होता. आता तिने स्वतःचा खाद्यपदार्थांचा छोटा धंदा नोंदवला होता. नाव ठरलं, चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून आल्या. राहिलं होतं फक्त गिऱ्हाईक.

"बाबा, ही माझी पहिली ऑर्डर," ती मला म्हणाली. "हे श्रीखंड लोकांना आवडलं ना, की दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आपोआप येतील. आणि नाही आवडलं, तर त्या चिठ्ठ्या चिकटवायच्या कशाला?"

इतकं सगळं त्या पातेल्यावर अवलंबून होतं. हे मला माहीत होतं. तरीही पुढचं सगळं माझ्याच हातून झालं.

तर सभा. "आपट्याच्या पानांचं काय?" सुचेताताईंनी विचारलं. लगेच रविकांतराव उठले. हे शेजारच्या बाडहूव्हडॉर्प गावात लेकीकडे राहतात. बँकेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून नोकरीत आहे. "पानं मी करतो! सोनेरी पुठ्ठ्याची! मागच्या वर्षी केली होती तश्शी!"

"वा काका!" सगळे म्हणाले.

मागच्या वर्षीच्या त्या पानाने माझं बोट कापलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी बोट आठवलं, आणि दुसरंही एक आठवलं. मी नुकतंच इथल्या वाचनालयातून झाडांचं एक जाडजूड डच पुस्तक आणलं होतं आणि फोनवरून भाषांतर करत करत वाचत होतो. त्यात गिंको नावाचं एक मूळचं चिनी झाड होतं. त्याचं पान अगदी आपट्यासारखं जुळं, मधोमध चिरलेलं. आणि शरद ऋतूत ते पिवळंधमक होतं! आपल्या आपट्याला सोनं समजून घ्यावं लागतं. हे तर दिसायलाच सोनं!

"कागदाचं सोनं कशाला?" मी म्हणालो. "खरी पानं असताना?" आणि मग ते वाक्य. पुढे टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा!

"राघवराव, जमेल ना?" रविकांतरावांनी विचारलं. "नाहीतर माझ्याकडे पुठ्ठा आहेच."

"पुठ्ठा राहू द्या!" मी म्हणालो.

आता एक कबुली. त्या पुस्तकातलं गिंकोचं प्रकरण दोन भागांत होतं. आधी पानं, मग फळं. मी पानांपर्यंत वाचलं आणि थांबलो. मला पानंच हवी होती, फळांशी माझं काय काम? हजारो विद्यार्थ्यांना 'पुस्तक शेवटपर्यंत वाचा' असं सांगणारा मी!

आणि दुसरी कबुली. सप्टेंबरात माझं नाक बंद झालं होतं. इथल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं. गुडघ्यालाही त्यांनी तेच दिलं होतं. गुडघा सुधारला, नाक नाही. सरलाने पोह्यात हिंगाची डबी उलटी केली तरी मला पत्ता लागला नसता.

शनिवारी यशोधनने गाडी काढली. वेलुवेच्या जंगलात पानांचे रंग बघायचे, पॅनकेक खायचे, आणि जाताना वाटेतल्या एका शेतावरून श्रुतीने सांगून ठेवलेलं क्वार्क घ्यायचं. क्वार्क म्हणजे इथला तयार चक्का. बारा किलो! डबे डिकीत गेले. पुढे यशोधन आणि श्रुती. मागे सरला, मी आणि आमच्या दोघांच्या मध्ये ईशानी. ईशानी माझी नात, वय नऊ. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कुठल्या भाषेत येईल ते सांगता येत नाही.

जंगल काय होतं! बीचची झाडं तांब्याच्या घंगाळासारखी घासूनपुसून ठेवलेली. खाली पानांची एवढी जाड गादी की चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. वरून पानं पडत होती, सावकाश, कुणाला काही घाई नसल्यासारखी. यशोधन फोटो काढत होता. श्रुती मनातल्या मनात वेलची मोजत होती. सरला म्हणाली, "किती सुंदर आहे हो! आणि झाडायला कुणी नाही!"

मी मात्र घामाघूम. डोळ्यांसमोर कोट्यवधी पानं आणि त्यात एकही जुळं नाही! बीच, ओक, परत बीच. पुस्तकातल्या पानाचा काढून ठेवलेला फोटो मी सोळा वेळा फोनवर उघडून पाहिला. गिंको जंगलात उगवत नाही, लावावा लागतो, असं त्यात लिहिलं होतं. तेही मी तेव्हाच वाचलं.

"बाबा, काय शोधताय?" यशोधन.

"काही नाही! सौंदर्य!" मी म्हणालो.

खरं सांगण्याची सोय नव्हती. यशोधनला या देशातल्या दंडांची फार भीती. सायकलला दिवा नसला तर दंड, कचरा चुकीच्या दिवशी ठेवला तर दंड. दोनशे पानं उचलायची म्हटलं असतं तर त्याने आधी नगरपालिकेला ईमेल केली असती.

परतताना एका खेड्यात पॅनकेकसाठी थांबलो. पॅनकेक यायला वीस मिनिटं होती. मी सहज खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे जुनं चर्च, आणि चर्चच्या आवारात ते झाड उभं होतं! पिवळंजर्द! जणू कुणी सूर्य विकत आणून खांबावर बसवलाय! खाली जमिनीवर तितकाच पिवळा गालिचा.

"मी आणि ईशानी जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हणालो. माझ्या आवाजात एवढा ठामपणा होता की सरलाने चष्म्यावरून पाहिलं.

आवारात गेल्यावर ईशानी थबकली. गळ्यातला मफलर नाकावर ओढून म्हणाली, "आजोबा, हेत स्टिंक्ट!"

"खेड्यात थोडा वास यायचाच, बाळ," मी म्हणालो. "गाई असतात."

"व्हेअर?"

"असतील कुठेतरी."

झाडाखाली पानांबरोबर पिवळसर, मऊ, जर्दाळूएवढी फळंही पडली होती. बरीचशी पायाखाली फुटलेली. मी त्यातून पानं निवडत होतो, तेवढ्यात एक म्हातारे डच गृहस्थ दाताळं घेऊन आले. आता दंड! मी पानाकडे बोट दाखवून, मग पिशवीकडे बोट दाखवून हात जोडले. ते क्षणभर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की लॉटरी लागल्यावर माणूस एवढा खूश होत नसेल! "या, या!" म्हणजे डचमध्ये 'हो, हो' म्हणाले, आणि स्वतः वाकून ओंजळी भरभरून माझ्या पिशवीत टाकायला लागले. मध्येच त्यांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि हसत काहीतरी म्हणाले. माझं नाक गळत असावं, ते पुसायला सांगतायत, असं मला वाटलं. मी रुमाल काढून नाक पुसलं. त्यावर ते इतके हसले की त्यांना दाताळ्यावर टेकावं लागलं. किती मोकळ्या मनाचे लोक!

"ईशानी, ही पानं आपलं सीक्रेट," मी म्हणालो. "उद्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही. आई, बाबा, आजी, कुणालाच नाही. वचन?"

"इव्हन इफ दे आस्क?"

"विचारलं तरी नाही!"

तिने गंभीरपणे मान हलवली. मी तिला खिशातलं स्ट्रूपवाफल दिलं. तिने ते खाल्लं नाही. लहान मुलीने गोड बिस्किट नाकारावं, यावरूनही मला काही कळलं नाही.

पॅनकेक खाऊन झाल्यावर सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन मी दाराबाहेर लपवलेली पिशवी पायाशी ठेवली आणि वर कोट पसरला. सरलाच्या गुडघ्यांसाठी यशोधनने खालचा हीटर सोडला. गरम हवा थेट पिशवीवर. मला वाटलं, बरं झालं, पानं वाळतील.

पाच मिनिटांनी श्रुती म्हणाली, "शेतात खत टाकलंय वाटतं."

"नोव्हेंबरात?" यशोधन म्हणाला.

"मग दुसरं काय असणार? खिडक्या नीट बंद कर. बाहेरची हवा घेऊ नकोस."

यशोधनने कसलंसं बटण दाबलं. आता गाडीतली हवा गाडीतच फिरायला लागली. दहा मिनिटं गेली.

"केवढं हे शेत!" सरला नाकाला पदर लावून म्हणाली.

"आई, आपण हायवेला लागून पाव तास झालाय," यशोधन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. दोन्ही बाजूंना गोदामं होती. शेत कुठेच नव्हतं.

मग एक विचित्र शांतता पसरली. घरातलीच माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. सरलाने ईशानीच्या डोक्यावरून वाकून मला कोपर मारलं. "अहो, सकाळी मुळ्याचे पराठे किती खाल्लेत?"

"दोन."

"मी चार मोजले."

यशोधनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेने त्याने माझ्याकडे स्वतःच्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. "बाबा, पोट ठीक आहे ना तुमचं?"

मुलाने बापाच्या पोटाची चौकशी करावी! माझे डोळे भरून आले. "अगदी उत्तम!" मी म्हणालो. "इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं!"

यावर श्रुतीने खिडकी उघडली. ताशी शंभरच्या वेगाने नोव्हेंबरचा वारा आत आला. सरलाचे केस छपराला लागले.

"ईशानी, तुला काही होतंय का?" श्रुतीने विचारलं. "मळमळतंय? पॅनकेक जास्त झाला?"

ईशानीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळूच डोळा मारला. "आय कान्ट से," ती मफलरमधून म्हणाली.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. "बाबा, तुम्ही जरा आत जाऊन या," यशोधन म्हणाला.

"मला नाही लागली."

"तरी जाऊन या!" तिघंही एका सुरात.

मी गेलो. आपल्या माणसांचा मान राखावा. परत येऊन पाहतो तर गाडीची चारी दारं आणि डिकी सताड उघडी, आणि सगळं कुटुंब दहा पावलं लांब वाऱ्यात उभं!

"फोटो काढताय का?" मी विचारलं.

श्रुतीने डिकीतला एक डबा उघडला. नाक लावलं. चेहरा पडला. "यशोधन, हे क्वार्क!"

"खराब आहे?"

"मला कळेनासं झालंय! माझं नाकच भरलंय!" तिने बोटाने चाखलं. "चव तर चांगली आहे. पण मग वास कुठून येतोय?"

पुन्हा सगळ्यांची नजर क्षणभर माझ्यावरून फिरून डब्यावर गेली.

आणि आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती. मी घसा खाकरला, आणि मला कुणीही विचारलेलं नसताना म्हणालो, "माझं ऐकशील तर टाकून दे. पहिली ऑर्डर आहे तुझी. खाण्याच्या बाबतीत धोका पत्करू नये."

"बाबा म्हणतायत ते बरोबर आहे," श्रुती म्हणाली. आणि बारा किलो उत्तम, ताजं, निष्पाप क्वार्क संध्याकाळी कचऱ्यात गेलं! त्या शेतकऱ्याची मी इथे जाहीर माफी मागतो.

यशोधन तीन सुपरमार्केटं फिरून नवीन क्वार्क घेऊन आला. तोवर मी माझ्या खोलीत पानं पुसून, निवडून, पुस्तकांत दाबायला लागलो होतो. मंडळाचं छोटं वाचनालय माझ्याच खोलीत आहे. दोनशे चाळीस पुस्तकं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पुस्तकाला एक पान! जाडी बघून हीटरजवळ रचली. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात इतकी समाधानाची संध्याकाळ क्वचितच येते.

दाराबाहेर मात्र गडबड चालली होती.

"अरे, या नवीन क्वार्कचासुद्धा तसाच वास येतोय!"

"श्रुती, हे सिंकमधून येत असणार. मी औषध ओततो."

"सिंकमधून नाही! आईंच्या... म्हणजे बाबांच्या खोलीकडून येतंय."

"हळू बोल! वाईट वाटेल त्यांना."

मी दार किलकिलं करून विचारलं, "काही मदत हवी का?"

"नको, नको! तुम्ही पडून राहा बाबा! दार लावून घ्या!" किती काळजी घेतात! सरलाला तर ईशानीच्या खोलीत झोपायची अचानक हौस आली. "तुम्हाला मोकळं झोपता येईल," म्हणाली.

श्रुतीने श्रीखंडात दुप्पट वेलची घातली, तिप्पट केशर घातलं, चाखलं, आणि रडवेली होऊन झाकण लावलं. "चव उत्तम आहे," ती म्हणत होती. स्वतःलाच, बहुतेक.

रविवारी हॉल फुलला होता. बाहेर पाऊस आणि आत हीटर पूर्ण सोडलेला. सुचेताताईंनी माइकवरून सांगितलं, "यंदा राघवकाकांनी आपल्यासाठी अस्सल सोनं आणलंय!" मी तबकावरचा रेशमी रुमाल काढला. काय सांगू! पिवळीधमक, जुळी, चपट दाबलेली पानं! "अय्या!" "खरंच आपट्यासारखी!" लोकांनी फोटो काढले. रविकांतराव हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या बगलेत पुठ्ठ्याचं पाकीट होतं. घेऊन आले होतेच!

मग सोनं वाटणं सुरू झालं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" लोक मिठ्या मारत होते, पाया पडत होते. पानं कुर्त्याच्या खिशात गेली, पाकिटात गेली, पर्समध्ये गेली. बायकांनी केसांत खोचली. एकाने तर वर्षभर बरकत राहावी म्हणून मोबाइलच्या कव्हरच्या आत ठेवलं आणि लगेच कानाला फोन लावला.

सात-आठ मिनिटांत हॉलमध्ये तीच शांतता पसरली. गाडीतली! आता मी ती ओळखायला शिकलो होतो, अर्थ मात्र कळत नव्हता. आधी आयांनी आपापली बाळं उचलून मागून हुंगून पाहिली. हॉलमधली पाचही बाळं निर्दोष निघाली. मग नवऱ्यांनी आपापले बूट उलटे करून पाहिले. मग सगळे एकमेकांपासून हळूहळू एकेक पाऊल लांब सरकायला लागले. मिठ्यांऐवजी लांबून नमस्कार सुरू झाले.

आणि नेमक्या त्याच क्षणी श्रुतीने श्रीखंडाचं झाकण उघडलं!

ऐंशी माना पातेल्याकडे वळल्या. कुणी नाक धरलं नाही. आपले लोक सभ्य. पण रांग काही पुढे सरकेना.

"वाढू ना?" श्रुतीने डाव उचलून विचारलं.

"मला जरा शुगर आहे."

"माझं डाएट चाललंय."

"आम्हाला दोघांना दूध चालत नाही. आजपासून."

मराठी माणूस दसऱ्याला श्रीखंड नाही म्हणतो! सुचेताताई श्रुतीजवळ जाऊन कुजबुजल्या, "श्रुती, वाईट वाटून घेऊ नकोस. हे पातेलं आपण आत ठेवू या का?"

श्रुतीचा डाव तसाच हातात. पातेल्याला तिने स्वतःच्या हाताने ती छापलेली चिठ्ठी चिकटवली होती. तिच्या धंद्याचं नाव. तिने ती नखाने कोपऱ्यातून सोडवायला घेतली.

तेवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली. ईशानी. मफलर नाकावर. "आजोबा, आता उद्या झालं. आय कॅन टेल नाऊ?"

"काय सांगायचंय?"

"इट्स नॉट द श्रीखंड! इट्स युअर गोल्ड! द लीव्हज स्टिंक! फ्रॉम द चर्च!"

"पानांना वास आहे?"

"आय टोल्ड यू! यू सेड गाई."

मला त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं चिमटीतलं नाक दिसलं. पायाखाली फुटून पानांना माखलेली ती फळं दिसली. पेट्रोल पंप दिसला. मुलाची माया दिसली. चार पराठे दिसले! आणि बारा किलो क्वार्क दिसलं, जे मी टाकायला लावलं होतं.

"तू काल का नाही सांगितलंस?"

"यू सेड सीक्रेट," ती म्हणाली. "आय थॉट दसरा स्मेल्स लाइक धिस."

समोर चिठ्ठी अर्धी सुटली होती. मी माइककडे गेलो. कसा गेलो ते माहीत नाही. माइक हातात घेऊन मी खरं काय ते सांगितलं.

"मोठ्याने बोला हो!" रविकांतराव ओरडले. "इथे काही ऐकू येत नाही!"

मी पुन्हा बोललो.

"अहो, मोठ्याने!"

"वास माझा आहे!" मी ओरडलो. "श्रीखंडाचा नाही! माझा आहे!"

हॉल थिजला. सरलाने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे माझ्या पानांचा! खिशातलं सोनं हुंगून बघा!"

ऐंशी माणसांनी एकदम खिशात हात घातले. ऐंशी पानं नाकाला लागली. आणि ऐंशी तोंडांतून जो आवाज निघाला, तसा मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी ऐकला नव्हता. मोबाइलच्या कव्हरवाल्याने फोन टेबलावर ठेवून दिला आणि त्याच्यापासून लांब उभा राहिला. हॉलला बेसिन एकच. रांग दारापर्यंत गेली. साबण संपला.

हात धुऊन लोक परत आले ते थेट पातेल्यापाशी. आता नाही कसं म्हणणार? सगळ्यांनाच अपराधी वाटत होतं. पहिला चमचा अपराधीपणाने गेला, दुसरा आवडीने, आणि शुगरवाले गृहस्थ तिसऱ्यांदा रांगेत आले तेव्हा श्रुती पहिल्यांदा हसली. "तुमची शुगर?" तिने विचारलं. "ती वासाची शुगर होती हो!" ते म्हणाले. आजपासून दूध न चालणाऱ्या दोघांनी पातेलं पुसून खाल्लं. अर्धी सुटलेली चिठ्ठी श्रुतीने अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवली.

रविकांतरावांनी पाकीट उघडून पुठ्ठ्याची पानं वाटली. प्रत्येकाने ती घेण्याआधी हुंगली.

गाडीत श्रुती सरळ समोर रस्त्याकडे बघत होती. मी चाचरत म्हणालो, "ते क्वार्क..."

"बारा किलो, बाबा."

"हो."

"'धोका पत्करू नये' म्हणालात."

"हो."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण पाठोपाठ यशोधनचेही हलायला लागले, आणि सरला तर पदर तोंडात कोंबून बसली. "वास माझा आहे म्हणे!" तिला पुढे बोलवेना. "अहो, लग्नात नाव घेताना हा आवाज कुठे होता?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत श्रुतीला फराळाच्या सात ऑर्डरी आल्या! तिने मला संदेश वाचून दाखवले. चकल्या, लाडू, चिवडा. सातही संदेशांच्या शेवटी जवळजवळ एकच ओळ होती: 'फक्त डबे आजोबांच्या खोलीत ठेवू नका.'

खरं सांगू? मला वाटत होतं, लोक जरा जास्तच करतायत. पानांना असून असून किती वास असणार? मंडळाच्या वाचनालयातून कुणी पुस्तक नेईना, तेही मला अन्यायाचंच वाटलं.

गुरुवारी सकाळी माझं नाक उघडलं.

मी तसाच उठलो, पायजम्यावरच गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं आणि रविकांतरावांना फोन लावला. "पुढच्या वर्षी पानं कापायला मी येतो," मी म्हणालो. "कात्री कुठली आणू?"